देशोदेशींच्या मतदारांची तुलना करताय? या चुका टाळा

दोन देशांचे मतदानाचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की लोक लगेच ठोकून देतात, इथली जनता जागरूक आणि तिथली सुस्त. अरे पण आधी टक्के कशाचे काढलेत ते तरी बघा. अमेरिकेत नाव आपोआप यादीत येईलच असं नाही, स्वीडनमध्ये येतं, त्यामुळे नोंदणी झालेल्यांपैकी किती जणांनी मत दिलं आणि मतदानाच्या वयाच्या सगळ्यांपैकी किती जणांनी दिलं हे दोन आकडे अमेरिकेत एकमेकांपासून बरेच लांब जातात. त्यात ऑस्ट्रेलियात 1924 पासून मतदान सक्तीचं, नाही केलं तर दंड, म्हणून तिथे 90 टक्क्यांच्या आसपास. स्वित्झर्लंडमध्ये संसदेच्या निवडणुकीला निम्मेही येत नाहीत, पण तिथले लोक वर्षातून तीन-चारदा सार्वमताला मत देतात, मग सुस्त कोण? चिलीने 2012 मध्ये सक्ती काढली, मतदान घसरलं, 2022 च्या घटनेवरच्या सार्वमताला सक्ती परत आली तर 85 टक्क्यांच्या वर गेलं. लोक तेच, नियम बदलला. तेव्हा नियमांचा कॉलम टेबलमध्ये हवाच.

याहून मोठी गोची मतं विचारताना होते, आणि ती डेटात दिसत पण नाही. राज्यशास्त्रज्ञ गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2004 चा पेपर यासाठी जरूर वाचा. चीन आणि मेक्सिकोतल्या लोकांना विचारलं, सरकारने तुमच्या प्रश्नांकडे लक्ष द्यावं यासाठी तुमचं किती चालतं? चीनमधले लोक म्हणाले, चांगलं चालतं, मेक्सिकोवाल्यांपेक्षा जास्त! आणि मेक्सिकोत तर नुकतंच, 2000 साली, 71 वर्षांची सत्ता मतपेटीतून उलथली होती. मग त्याच लोकांना काही काल्पनिक माणसांच्या छोट्या गोष्टी सांगितल्या. त्यातला एक जण असा की प्यायला स्वच्छ पाणी नाही, मत देता येत नाही, सरकारात कोणाला पर्वा नाही असं वाटतं, म्हणून गप्प सोसतोय. याचं किती चालतं ते सांगा. चीनमधल्या बऱ्याच जणांनी या माणसाला स्वतःपेक्षा वरचा नंबर दिला. त्या मापाने आकडे लावले तर क्रम उलटा झाला. म्हणजे 'चांगलं चालतं' याची प्रत्येकाची पट्टीच वेगळी होती. प्रश्न सारखा विचारला म्हणजे उत्तरंही सारखी मोजली गेली असं धरून चालू नका.

'मागच्या निवडणुकीत मत दिलंत का' याला लोक हो म्हणतात, न देताही. प्रत्यक्ष आकडेवारीशी ताडून बघा. सरकारवरच्या विश्वासाचंही तसंच, जिथे खरं बोलायची भीती आहे तिथले 90 टक्के आणि लोकशाहीतले 40 टक्के एकाच ग्राफवर काहीही टीप न देता टाकणं चुकीचंच. आफ्रोबॅरोमीटर या आफ्रिकेतल्या जनमत सर्वेक्षणाचे लोक मुलाखतीच्या शेवटी विचारतात की आम्हाला कोणी पाठवलंय असं वाटतं? ज्यांना वाटतं सरकारने, त्यांची उत्तरं वेगळी काढून बघा.

आता डेटा लोड केल्यावरच्या भानगडी. युरोपियन सोशल सर्व्हेत संसदेवरचा विश्वास 0 ते 10, आणि तुमची सरासरी 12 आली? 77, 88, 99 हे नकार, माहीत नाही आणि उत्तर नाही याचे कोड आहेत, ते काढलेच नाहीत. वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे या जगभरच्या सर्वेक्षणात असे कोड मायनसमध्ये, आणि तिथे विश्वासाची पट्टी उलटी, 1 म्हणजे भरपूर, 4 म्हणजे अजिबात नाही. उलटवायची राहिली की सगळे निष्कर्ष डोक्यावर उभे, आणि मजा म्हणजे ते पटतील असं स्पष्टीकरणही सुचतं!

40 हजार लोक आणि 25 देश असतील तर सक्तीच्या मतदानासारख्या देशपातळीच्या गोष्टीसाठी तुमच्याकडे केसेस 25 च आहेत, 40 हजार नाहीत. रिझल्ट योगायोगाचा नाही असं सुचवणारे तीन तीन स्टार बघून हुरळू नका, मल्टिलेव्हल मॉडेल (माणसं आणि देश या दोन पातळ्या वेगळ्या धरणारं) लावा आणि एकेक देश वगळून परत चालवा, पुष्कळदा एकच देश सगळा रिझल्ट ओढत असतो.

आणि सगळे देश एकत्र करून 'युरोपचं मत' काढणार असाल तर लोकसंख्येचं वेट लावा, म्हणजे प्रत्येक देशाला त्याच्या लोकसंख्येप्रमाणे वजन द्या, नाहीतर सात लाखांच्या आतबाहेरचा लक्झेंबर्ग आणि आठ कोटींची जर्मनी जवळपास सारख्याच वजनाने मोजले जातील. देश वेगवेगळे दाखवणार असाल तर हे वेट नको, पण सॅम्पलिंगचं डिझाइन वेट (नमुन्यात निवडलं जाण्याची शक्यता सगळ्यांची सारखी नसते, त्याची भरपाई करणारं) तेव्हाही लागतंच.