संघातून वगळल्यावर फटका नव्याने कसा घडवावा
आझाद मैदानावर किंवा शिवाजी पार्कवर खेळणाऱ्या ज्या फलंदाजाला एकामागून एक क्लब सोडावे लागले आहेत, त्याने होजे बाउतिस्ता या बेसबॉलपटूची कारकीर्द अवश्य अभ्यासावी. २००४ च्या एकाच हंगामात मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेतील चार संघांकडून खेळावे लागलेल्या या खेळाडूने टोरांटोकडून २००९ मध्ये १३ होमरन (क्रिकेटमधील षटकारासारखे, चेंडू मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारले आणि पुढच्याच वर्षी तब्बल ५४. प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून त्याने फटक्याची हालचाल लवकर सुरू केली, हे त्यामागचे मोठे कारण होते.

म्हणून प्रथम गोलंदाजाच्या मागे मोबाइल उभा करून आपली फलंदाजी चित्रित करावी आणि चेंडू हातातून सुटतो त्या क्षणी आपली बॅट नेमकी कुठे असते, हे चित्रफीत थांबवून पाहावे. हे काम मनाला लागते, पण टाळू नये. खेळताना न जाणवणारा उशीर तिथे स्पष्ट दिसतो.

त्यानंतर एकच बदल निवडावा. बॅट आधी उचलायची ठरल्यास पकड आणि पवित्रा तसाच ठेवावा, थ्रोडाउनवर, म्हणजे जवळून हाताने फेकलेल्या चेंडूंवर, सवय मुरू द्यावी आणि मगच वेगवान गोलंदाजीला सामोरे जावे. मुंबईत पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीगच्या ओल्या खेळपट्टीवर मात्र या बदलाची पारख करू नये, कारण तिथे चेंडू थांबून येतो आणि योग्य हालचालही चुकीची वाटू लागते.