कमी दृष्टीच्या ड्रायव्हरचा आय ट्रॅकरने अभ्यास करायचाय? मग हे आधी वाचा

आय ट्रॅकर डोळा कुठे वळलाय ते सांगतो, माणसाला काय दिसलं ते नाही सांगत. हे आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण ते सुटलं की पुढचा सगळा अभ्यास चुकतो. चांगल्या नजरेचा माणूससुद्धा कधीकधी समोर बघत असतो आणि तरी समोरची सायकल त्याला दिसत नाही. पण ज्याला ग्लॉकोमा (काचबिंदू) आहे, किंवा स्ट्रोकनंतर एका बाजूचं दिसेनासं झालंय, किंवा मॅक्युला (रेटिनाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग) खराब झालाय, त्याच्या बाबतीत बघणं आणि दिसणं यातलं अंतर हाच तर तुमचा विषय आहे.

त्यामुळे कुठलं मशीन घ्यायचं हे नंतर बघू, आधी कुणाचा अभ्यास करायचा ते ठरवा. 'कमी दिसणारे' असा काही एक गट नसतो. मोतीबिंदूवाल्याला धूसर दिसतं आणि समोरच्या गाडीच्या लाइटने डोळे दिपतात, ग्लॉकोमात बहुतेक वेळा मधलं बराच काळ शाबूत राहतं आणि आजूबाजूचं हळूहळू जातं, हेमियानोपियात दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाते, आणि मॅक्युलाच्या आजारात नेमकं जिथे बघायचंय तिथलंच जातं. सगळ्यांना एकत्र करून सरासरी काढलीत तर ती यातल्या एकालाही लागू पडणार नाही. एकच गट धरा, आणि तुलनेला चांगल्या नजरेचे, साधारण त्याच वयाचे आणि गाडी चालवायचा तेवढाच सराव असलेले लोक घ्या.

प्रत्येकाची डोळ्याची नीट तपासणी करून घ्या, म्हणजे नुसता अक्षरांचा तक्ता नाही. पेली-रॉबसन चार्टवर कॉन्ट्रास्ट (फिकट अक्षरं कितपत दिसतात ते) आणि पेरिमेट्रीवर फील्ड (नजर समोर ठेवून आजूबाजूचं कुठवर दिसतं ते), तेही एकेका डोळ्याचं वेगळं आणि दोन्ही डोळ्यांचं मिळून, कारण गाडी माणूस दोन्ही डोळे उघडे ठेवून चालवतो आणि एका डोळ्याचा आंधळा भाग बऱ्याचदा दुसरा डोळा भरून काढतो. हा फील्डचा नकाशा जपून ठेवा, पुढे गेझच्या (नजर कुठे वळली त्याच्या) डेटावर तोच बसवायचाय.

पेशंट मिळत नाहीत म्हणून धडधाकट लोकांना गॉगल लावून काम भागवायचा मोह होतो. मोतीबिंदूसारखं धूसर करायचं असेल तर ठीक आहे, पण कडा झाकणारा गॉगल ग्लॉकोमाची जागा घेऊ शकत नाही, कारण गॉगलचं भोक डोक्याबरोबर फिरतं आणि खरा आंधळा भाग डोळ्याबरोबर. शिवाय आजारासोबत वर्षानुवर्षं जगलेला माणूस मान जास्त वळवायला, आधीच स्लो व्हायला शिकलेला असतो, गॉगलवाला ते पाच मिनिटात कुठून शिकणार?

सुरुवात सिम्युलेटरवरच करा, पण एका मॉनिटरवर नको. दोन्ही डोळ्यांनी आपल्याला आडवं साधारण १८० अंश दिसतं, आणि चौकात खरा प्रश्न कडेचाच असतो, त्यामुळे निदान तीन रुंद स्क्रीन अर्धगोलात लावा. सिम्युलेटरमध्ये मळमळतं, वयस्कर लोकांना जास्तच, तेव्हा आधी सरळ रस्त्यावर थोडा सराव, मग वळणं, मग चौक, आणि मधेमधे ब्रेक. मळमळ मोजायला १९९३ पासून वापरात असलेली सिम्युलेटर सिकनेसची प्रश्नावली आहे, ती आधी आणि नंतर भरून घ्या. खऱ्या रस्त्यावर जायचं असेल तर लायसन्स चालू असलेलीच माणसं, आणि शेजारी इन्स्ट्रक्टर ज्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक आहे. यात अजिबात तडजोड नको.

आता मशीन. डॅशबोर्डवर बसवायचा ट्रॅकर सोयीचा असतो पण माणसाने मान जरा जास्त वळवली की डोळा हातचा जातो, आणि चौकात माणूस मान वळवणारच, हेमियानोपियावाला तर हमखास. म्हणून चष्म्यासारखा घालायचा ट्रॅकर बरा, पण तो डोक्याच्या हिशोबाने गेझ देतो, त्यामुळे डोकं कुठे वळलंय ते वेगळं मोजून त्यात मिळवावं लागतं. नंबरचा चष्मा असेल तर त्याच्यावर हा चष्मा चढवू नका, ट्रॅकरमध्ये बसणारी नंबरची लेन्स मिळते ती वापरा. नजर कुठे थांबते एवढंच बघायचं असेल तर ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० नोंदी) चालतं, नजरेच्या उडीचा वेग मोजायचा असेल तर २५० किंवा जास्त लागेल.

कॅलिब्रेशनला (ठरलेले ठिपके दाखवून ट्रॅकर त्या माणसाच्या डोळ्याशी जुळवायला) मात्र घाई करू नका, वाट्टेल तेवढा वेळ द्या. मॅक्युला गेलेल्या माणसाला स्क्रीनवरचा बारीक ठिपका दाखवला की त्याने सरळ बघताक्षणी तो ठिपका गायब होतो, मग तो नजर थोडी बाजूला नेतो आणि रेटिनाच्या दुसऱ्याच चांगल्या जागेने बघतो. त्याला मोठी फुली दाखवा आणि सांगा की रेघा जिथे मिळतात तिथे बघा. पण लक्षात घ्या, असं कॅलिब्रेशन केलं की मशीन त्या बाजूच्या जागेलाच नजरेचं केंद्र समजतं, पुढे फील्डचा नकाशा बसवताना हे विसरलात तर सगळा नकाशा सरकेल. हेमियानोपियावाल्याला आंधळ्या बाजूचा पॉइंट पटकन सापडत नाही, तिथे मशीनला आपोआप पुढे जाऊ देऊ नका, त्याला पॉइंट सापडला की तुम्ही हाताने बटण दाबा. तिरळेपणा असेल तर दोन्ही डोळ्यांची सरासरी घेणारी सेटिंग बंद करून एकेक डोळा वेगळा घ्या. पापणी खाली आलेली असेल, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची लेन्स चमकत असेल, पायलोकार्पिनच्या थेंबांनी बाहुली बारीक झाली असेल, तर ट्रॅकिंग तुटतं, हे सगळं आधीच विचारून लिहून ठेवा.

कॅलिब्रेशन झालं की कॅलिब्रेशनमध्ये नसलेले पॉइंट दाखवून चूक किती येते ते मोजा, आणि हेच मधे एकदा, शेवटी एकदा परत करा. एक अंशाची चूक म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ५० मीटरवर एक अंश म्हणजे जवळजवळ ८७ सेंटीमीटर, म्हणजे तो फुटपाथवरच्या बाईकडे बघत होता की तिच्या शेजारच्या खांबाकडे, हे तुम्ही छातीठोकपणे सांगूच शकत नाही. म्हणून पादचाऱ्याभोवती चौकट आखताना या चुकीएवढी जागा सोडा.

टास्कही तसाच बनवा. पादचारी कधी डावीकडून, कधी उजवीकडून, कधी नजरेच्या जवळ, कधी लांब, आणि वेळ ठरलेली नको, नाहीतर लोक अंदाज बांधतात. दिसला की हॉर्न वाजवायचा. आता प्रत्येक पादचाऱ्यासाठी चार शक्यता: बघितलं आणि वाजवला, बघितलं पण वाजवला नाही, न बघता वाजवला, दोन्ही नाही. खरं सोनं दुसऱ्या आणि तिसऱ्यात आहे. दुसऱ्यात नजर तिथे जाऊनही दिसलं नाही, किंवा दिसलं पण धोका वाटला नाही, हे ड्राइव्ह संपल्या संपल्या रेकॉर्डिंग दाखवून त्यालाच विचारा. तिसऱ्यात त्याने कडेच्या उरलेल्या नजरेने पकडलं, तिथे फील्डचा नकाशा लावून बघा की उरलेला भाग खरंच तिथे होता का.

हीट मॅपच्या (नजर कुठे किती थांबली ते रंगांनी दाखवणाऱ्या चित्राच्या) नादी फार लागू नका, समोरचं चित्र हलत असताना त्यातून फारसं काही कळत नाही. त्यापेक्षा वेळा काढा, पादचारी आल्यापासून पहिली नजर जायला किती, नजर गेल्यापासून हॉर्नपर्यंत किती, आणि तेव्हा गाडीचा स्पीड किती. ताशी ६० ला गाडी अर्ध्या सेकंदात आठ मीटरच्या वर पुढे जाते, तेव्हा हा अर्धा सेकंद किरकोळ समजू नका. वळणांचा डेटा वेगळा ठेवा, मायकेल लँड आणि डेव्हिड ली यांनी १९९४ मध्ये दाखवलं होतं की वळणावर ड्रायव्हर रस्त्याच्या आतल्या कडेच्या टोकाकडे परत परत बघतात, त्यामुळे तिथे नजर एका बाजूला जाते त्याचा आजाराशी संबंध असेलच असं नाही.

आणि एक मोठा सापळा. ट्रॅकिंग जास्त करून कुठे तुटतं? डोळा अगदी कडेला गेला की. म्हणजे डाव्या बाजूचं न दिसणारा माणूस जीव तोडून डावीकडे बघत असेल, नेमका तेव्हाच डेटा गायब, आणि तुम्ही लिहून मोकळे की हा डावीकडे बघतच नाही. म्हणून गेलेला डेटा डावीकडचा किती, उजवीकडचा किती, हे वेगवेगळं काढा आणि डोक्याच्या मापाशी ताडून बघा, मान डावीकडे वळलेली असताना डेटा गेला असेल तर तो 'बघितलं नाही' मध्ये अजिबात धरू नका.

संमतीपत्र मोठ्या अक्षरात छापा आणि वाचूनही दाखवा. एका ड्राइव्हवरून कुणाच्या लायसन्सचा निकाल लागत नाही हे त्यात स्वच्छ लिहा, आणि धोकादायक काही आढळलं तर कुणाला सांगणार हेही आधीच लिहा, नंतर ठरवू म्हणू नका. या लोकांसाठी गाडी म्हणजे स्वतःच्या पायावर उभं असणं असतं, ती जाईल या भीतीनेच बरेच जण अभ्यासात यायला तयार होत नाहीत. सिम्युलेटरनंतर लगेच कुणालाही स्वतः गाडी चालवत घरी पाठवू नका, सोडायची सोय आधी करून ठेवा.