अट क्वेरीत घालायची की स्क्रिप्टमध्ये?

नवीन प्रोग्रामर सहसा डेटाबेसमधलं अख्खं टेबल स्क्रिप्टमध्ये ओढतो आणि लूपमध्ये 'इफ' लावून हव्या त्या ओळी निवडतो. दोनशे ओळींवर हे खपून जातं, वीस लाखांवर मेमरी भरते. म्हणून एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायच्या भाषेत, मांडता येणारी प्रत्येक अट क्वेरीच्या 'वेअर' या भागातच घाला. क्वेरीत 'लिमिट 100' (शंभरच ओळी द्या) देऊन नंतर स्क्रिप्टमध्ये गाळणं तर साफ चूक: टेबलात हजार ओळी जुळत असल्या, तरी तुमच्या हाती त्या शंभरांतल्या जुळणाऱ्याच येतात.

उदाहरणाला पायथॉन ही भाषा आणि एसक्यूलाइट हा डेटाबेस घेऊ. शोधायचा शब्द क्वेरीच्या मजकुरात कधीही चिकटवू नका. त्यात एखादं अवतरणचिन्ह आलं की क्वेरी मोडते, आणि त्याच वाटेने कुणी स्वतःची अट घुसवू शकतं. त्या जागी ? ठेवा आणि शब्द वेगळा, टपलमध्ये (पायथॉनमधली कंसातली यादी) द्या: ('पुणे',). तो शेवटचा स्वल्पविराम राहिला तर ते टपल उरत नाही, नुसती स्ट्रिंग होते. मग प, उकार, ण आणि मात्रा असे चार तुकडे मोजले जातात आणि 'एक हवं होतं, चार दिलीत' अशा अर्थाची एरर येते. 'इन'मध्ये, म्हणजे दिलेल्या शब्दांपैकी कोणताही चालतो अशा अटीत, जितके शब्द, तितकी प्रश्नचिन्हं.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे नल, टेबलातली न भरलेली जागा. शहर != 'पुणे' ही अट क्वेरीत लिहिली, तर शहर न भरलेल्या ओळी गळतात; कारण नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर खरंही नसतं आणि खोटंही नसतं. तीच अट पायथॉनमध्ये लिहिली की त्या ओळी राहतात, कारण तिथे नलचा 'नन' होतो आणि 'नन' म्हणजे पुणे नव्हेच. एकाच अटीचे दोन आकडे आले, तर आधी इथे पाहा. त्या ओळी हव्या असतील तर 'ऑर शहर इज नल' जोडा.

क्वेरीचं उत्तर पायथॉनमध्ये ज्यातून ओळीओळीने मिळतं, त्या कर्सरवरून एकदाच फिरता येतं. दुसऱ्या लूपला काही मिळत नाही, एररही येत नाही.

मराठी डेटात आणखी एक अडचण असते. 'कऱ्हाड'मधला ऱ एकाच कोडचा असू शकतो किंवा र आणि खालचा नुक्ता असा दोन कोडचा. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण = ला दिसतो आणि ओळ सापडत नाही. पायथॉनच्या 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमधलं 'नॉर्मलाइज' हे फंक्शन एनएफसी रूपात (त्यात ऱ एकाच कोडचा होतो) चालवा. नोंद साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा. टेबलातल्या जुन्या नोंदींवरूनही ते एकदा फिरवावं लागतं.