स्टिरिओ गुणगुणतोय? अर्थिंगची पिन कापण्याआधी या चुका टाळा

गोव्यात आमच्या शेजारच्या अण्णांकडे चाळीसेक वर्षांचा अँप्लिफायर आहे. एका संध्याकाळी त्यांनी मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकीबुवांची कॅसेट लावली होती. गाणं संपलं, कॅसेट थांबली, पण तंबोरा काही थांबेना. अण्णा डोळे मिटून मान डोलवतच होते. शेवटी मीच म्हटलं, "अण्णा, हा तंबोरा मंगेशीचा नव्हे, विजेचा."

त्यात अण्णांचा कान काही कच्चा नव्हता. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. अँप्लिफायरचा रेक्टिफायर, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेची करणारा भाग, तिच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो, म्हणून पॉवर सप्लायमधून झिरपणारी गुणगुण 100 हर्ट्झची असते. हार्मोनियमच्या पांढरी एक पट्टीत गाणाऱ्याचा षड्ज (सा) साधारण 131 हर्ट्झचा, म्हणजे त्याच्या तंबोऱ्याच्या पहिल्या तारेचा मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) 98 च्या आसपास. 100 म्हणजे तोच पंचम, जरासा चढा. ज्या घरात दिवसभर शास्त्रीय गाणं वाजतं तिथे ही गुणगुण महिनोन्महिने कुणाला खटकत नाही. एकदा मात्र लक्षात आली की घरात येणारा प्रत्येक पाहुणा तज्ज्ञ होतो. कुणी वायर बदला म्हणतो, कुणी स्पीकर बदला म्हणतो, आणि एकजण हमखास पक्कड मागतो.

पक्कड मागणाऱ्याला आधी बाहेर काढा

थ्री-पिनची वरची जाड पिन कापली, किंवा अर्थिंगची वायर आतून सोडवली, की गुणगुण जाते. ही युक्ती इतकी पसरली आहे, कारण ती बऱ्याचदा खरोखर लागू पडते, आणि नेमकी म्हणूनच ती घातक आहे. ती पिन बाकीच्या दोन पिनांपेक्षा लांब का असते? प्लग खुपसताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं म्हणून. आत एखादी वायर सुटून धातूच्या खोक्याला टेकली, तर करंट अर्थिंगमधून जातो आणि एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, पडतो. पिन नसेल तर एमसीबीला काहीच कळत नाही. खोक्यावर 230 व्होल्ट तसेच बसून राहतात आणि वाट कुणाची बघतात, तर जुलै महिन्यात ओल्या पायांनी लादीवर उभं राहून व्हॉल्यूम वाढवणाऱ्याची. मीटरजवळ 30 मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच, असेल तर तो वाचवू शकतो, पण तोही तुमच्या अंगातून करंट जायला लागल्यावरच पडणार.

आता गुणगुण का जाते तेही पाहू. दोन उपकरणं दोन वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला जोडलेली असतील आणि त्यांच्यामध्ये ऑडिओ वायरही असेल, तर एक वेटोळं पूर्ण होतं. दोन्ही अर्थिंगमध्ये थोडाजरी फरक असला की त्या वेटोळ्यातून, म्हणजे ऑडिओ वायरच्या बाहेरच्या जाळीतून, विजेचा करंट वाहू लागतो आणि तुम्हाला तो ऐकू येतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. वेटोळं तोडायला हवं, यात वाद नाही. पण ते ऑडिओच्या बाजूने तोडायचं. सुरक्षेच्या बाजूने कधीच नाही.

मी स्वतः इथे दोन महिने आणि बरेच पैसे घालवले आहेत. टीव्हीचा आवाज स्टिरिओवर घेतला त्या दिवसापासून गुणगुण सुरू झाली. दुकानदाराने जाडजूड, सोनेरी टोकांची वायर गळ्यात मारली. फरक शून्य. मग आणखी महाग वायर. फरक शून्यच. एका रविवारी भिंत पुसायची म्हणून सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलची तार फिरकी सोडवून काढली आणि घरात अशी शांतता झाली की वीज गेली असंच वाटलं. केबलवाल्याची तार रस्त्यावरून येते. तिची बाहेरची जाळी कुठेतरी लांब त्याच्या स्वतःच्या अर्थिंगला टेकलेली असते. माझं वेटोळं घरापासून त्या लांबच्या अर्थिंगपर्यंत पसरलं होतं. टीव्ही बंद असला तरी ते पूर्णच राहत होतं, म्हणून माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

उपाय स्वस्त निघाला. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट होतं. त्या वायरीतून उजेड जातो, वीज जातच नाही, त्यामुळे वेटोळं आपोआप तुटतं. ऑप्टिकलची सोय नसेल तर आरसीए, म्हणजे लाल-पांढऱ्या टोकांच्या नेहमीच्या ऑडिओ वायरीच्या मध्ये बसवायचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो. अगदी स्वस्त घेऊ नका, तो तबल्याचा डग्गा खाऊन टाकतो. आणि या सगळ्याच्या आधी, फुकटचा उपाय: टीव्ही, अँप्लिफायर, प्लेअर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. घरगुती स्टिरिओ इतकी कमी वीज खातो की त्याला दोन भिंतींवरचे दोन बोर्ड लागत नाहीत.

मुळात घराचं अर्थिंगच नावापुरतं असेल तर मात्र हे सगळं वरवरचं. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत एप्रिल-मे महिन्यात ओल राहत नाही आणि कोरडी जमीन वीज नीट घेत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घातलेला असतो, पण उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. समुद्राजवळच्या घरात लोखंडी पाइपच गंजून गेलेला सापडतो. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधले व्होल्ट मोजायला सांगा. एक-दोन व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, दहा-वीस दाखवत असेल तर स्टिरिओचा विषय बाजूला ठेवून आधी ते काम करून घ्या. जुन्या चौसोपी घरांत दोन पिनांचे सॉकेट अजून आहेत, तिथे अर्थिंगच नाही. अँप्लिफायरला हात लावल्यावर झिणझिण्या येतात आणि हात लावला की गुणगुण कमी होते, ती यामुळेच.

न ऐकता दुरुस्त करायला बसणं

पिन कापण्याखालोखाल सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती सगळेच करतात. आवाज कुठून येतो हे शोधायला पाच मिनिटं पुरतात, पैसा लागत नाही.

व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर न्या. गुणगुण तशीच राहिली तर दोष व्हॉल्यूमच्या बटणाच्या पुढे, म्हणजे पॉवर अँप्लिफायरमध्ये किंवा सप्लायमध्ये आहे. बटणाबरोबर वाढत-घटत असेल तर दोष मागे, म्हणजे प्लेअर, वायर, टीव्ही यांत. मग सेट बंद करून सगळ्या आरसीए वायरी काढा आणि एकेक लावत जा. सेट चालू ठेवून कधीही काढू-घालू नका. आरसीएची मधली दांडी बाहेरच्या कड्याच्या आधी जोडली जाते, त्या क्षणी स्पीकरमधून जो दणका निघतो त्यात ट्वीटर, म्हणजे उंच पट्टीचे छोटे स्पीकर, गेलेले मी पाहिले आहेत.

एकाच बाजूला आवाज असेल तर सेट बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी आपापसात बदला. आवाज दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर स्पीकर निर्दोष. त्याच स्पीकरमध्ये राहिला तर अँप्लिफायरला उगाच उघडू नका, स्पीकरची जाळी काढून बघा. जुन्या स्पीकरच्या कडेचा फोम आपल्या दमट हवेत काही वर्षांत बोटाने दाबला की भुगा होतो, आणि पखवाजाच्या प्रत्येक थापेला फरफरतो. लोक याला अँप्लिफायर फाटला म्हणतात.

अण्णांच्या सेटवर व्हॉल्यूम शून्य, सगळ्या वायरी काढलेल्या, तरी गुणगुण जशीच्या तशी. म्हणजे सप्लायमधले मोठे कपॅसिटर, आपले जुने मेकॅनिक ज्याला कंडेन्सर म्हणतात ते, सुकले. हे घरी बदलायचं काम नव्हे. त्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही विजेचा भार राहतो. फोंड्याच्या एका वयस्कर मेकॅनिकने दोन बदलून दिले. आता कॅसेट संपली की गप्प शांतता असते, आणि अण्णांची तक्रार आहे की घर सुनं सुनं वाटतं.

पावसाळ्यातली खरखर आणि खोबरेल तेल

खोबरेल तेल हा विनोद नाही. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होते म्हणून बटणाच्या फटीत खोबरेल, शिवणयंत्राचं तेल, गंज सोडवायचा स्प्रे, जे हाताशी असेल ते ओतणारे आहेत. पहिले दोन दिवस खरखर जाते. मग तेलावर धूळ बसते, त्याचा लगदा होतो, आणि महिन्याभरात मुंग्या येतात. मुंग्यांचं तसं तेलावाचूनही अडत नाही. पावसाळ्यात उबदार, कोरडी जागा हवी म्हणून त्या अँप्लिफायरमध्ये अंड्यांसकट बिऱ्हाड करतात. पालीचीही तीच आवड, फक्त तिचा शेवट शॉर्ट सर्किटमध्ये होतो.

कॉन्टॅक्ट क्लीनर नावाचा स्प्रे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, तोच वापरा. प्लग काढून, थोडा वेळ थांबून, दोन थेंबांपुरता मारा, बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीसदा फिरवा, पूर्ण वाळू द्या. एवढं करूनही फिरवताना सगळीकडे सारखीच खरखर होत असेल तर बटण मळलेलं नाही, एखादा कपॅसिटर गळून बटणावर डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, येतोय. मग कितीही स्प्रे मारा.

एक बाजू मधूनच गायब होते आणि आवाज जरा मोठा केला की परत येते, हा प्रकार तर आपल्याकडे फार. तो बहुतेक वेळा स्पीकर रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा) किंवा निवड बटणाचा काळा पडलेला कॉन्टॅक्ट असतो. खारी हवा, ओलावा आणि महिनोन्महिने न हलवलेलं बटण. आरसीएच्या वायरी दर पावसाळ्याच्या आधी काढून, जरा पिळून पुन्हा बसवल्या तरी अर्धं काम होतं.

आणि कृपा करून सेटला प्लास्टिकचं आवरण घट्ट गुंडाळून चार महिने ठेवू नका. आतली ओल आतच कोंडते. दर दोन दिवसांनी तासभर गाणी ऐका, सेट स्वतःच्या ऊबेने कोरडा राहतो. यापेक्षा सुखाची देखभाल मला माहीत नाही.

रेकॉर्ड प्लेअरवाल्यांसाठी थोडं वेगळं

सीडी प्लेअर साधारण 2 व्होल्ट देतो. रेकॉर्ड प्लेअरची नेहमीची सुई देते 5 मिलीव्होल्टच्या आसपास, म्हणजे 400 पट कमी. ते वाढवताना शेजारची गुणगुणही तितकीच वाढते. इथली नेहमीची चूक म्हणजे प्लेअरच्या मागून येणारी बारीक सुटी वायर "ही कुठे लागतच नाही" म्हणून टेपने गुंडाळून ठेवणं. ती अँप्लिफायरच्या मागे फोनोच्या, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या सॉकेटच्या, बाजूला असलेल्या ग्राउंडच्या स्क्रूला लागते. ती लावूनही गुणगुण असेल तर प्लेअर अँप्लिफायरच्या डोक्यावरून उचला. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र सरळ सुईत शिरतं. दोन फूट बाजूला नेलं की ऐकून कळतं. माडीवर लाकडी जमीन असेल आणि आवाज वाढवल्यावर खालच्या पट्टीत घुमायला लागत असेल तर तो वेगळाच रोग, स्पीकरची थरथर जमिनीतून सुईपर्यंत पोचतेय. प्लेअर भिंतीतल्या फळीवर ठेवा.

चवथीच्या माळा, इन्व्हर्टर, मोबाइल

गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली, मखराला एलईडीच्या माळा लागल्या आणि आरतीच्या कॅसेटमध्ये चिरचिर सुरू झाली, तर सेट बिघडलेला नाही. माळांचे स्वस्त सप्लाय विजेच्या तारेत कचरा सोडतात. फॅनचा रेग्युलेटर मधल्या आकड्यांवर हेच करतो. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टरही तेच. एकेक बंद करून बघा, दोषी लगेच सापडतो. माळांचा प्लग दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर नेला तरी बऱ्याचदा भागतं. वीज साफ करणारे महागडे पॉवर कंडिशनर घेण्याची घाई नको. फोन येण्याआधीची ती "टिक-टिर-टिक" मोबाइल उचलून लांब ठेवला की थांबते.

शीं आवाजाला घाबरणं

ट्वीटरला कान लावला की थोडा "शीं" येतोच. बसायच्या जागेवरून ऐकू येत नसेल तर विसरून जा. ऐकू येत असेल तर ब्लूटूथवर फोनचा आवाज निम्म्यावर आणि अँप्लिफायर पूर्ण, असं तर करत नाही ना ते बघा. फोन जवळजवळ पूर्ण ठेवा आणि अँप्लिफायर कमी करा.

आणि जुन्या ध्वनिमुद्रणातली खरखर तुमच्या सेटची नव्हे. केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचं गाणं 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत घालून अवकाशात पाठवलं गेलं, तेही जुन्याच ध्वनिमुद्रणाची खरखर घेऊन. ती घालवायला ट्रेबल शून्यावर नेला तर खरखरीबरोबर तानेचे दाणेही जातात. मी तरी खरखर ठेवतो.

सेट मेकॅनिककडे न्यायची वेळ आलीच तर नुसतं "आवाज येतो" सांगू नका. कागदावर लिहून न्या: कुठली बाजू, व्हॉल्यूमबरोबर वाढतो की नाही, सगळ्या वायरी काढल्यावर राहतो की जातो, सेट तापल्यावर येतो की थंड असताना, आणि पावसातच की बाराही महिने. शिवाय ज्या वायरीने घरी जोडता तीच बरोबर न्या. नाहीतर दुकानात सेट निमूट गातो, आणि घरी आणल्यावर पुन्हा पंचम लावतो.