देश का सोडला, हे आधी बघा

क्विअर (समलिंगी किंवा रूढ लिंगचौकटीत न बसणारी) ओळख आणि स्थलांतर या विषयावर एमएचा शोधनिबंध करू पाहणारे विद्यार्थी भेटतात, तेव्हा बहुतेकांचा निष्कर्ष आधीच ठरलेला असतो: मायदेशी घुसमट, परदेशी मोकळीक. तो बाजूला ठेवा आणि श्याम सेल्वदुराई यांच्या श्रीलंकेत घडणाऱ्या ‘फनी बॉय’ या कादंबरीपासून (१९९४) सुरुवात करा.

अर्जी हा कोलंबोतला तमिळ मुलगा. रविवारी आजी-आजोबांकडे बहिणींबरोबर लग्न-लग्न खेळताना तो नवरी होतो, आणि साडीतल्या त्या पोराला काकू ओढत नेऊन मोठ्यांसमोर उभं करते. निबंधांमध्ये हाच प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. पण हे कुटुंब कॅनडाला जातं ते जुलै १९८३च्या तमिळविरोधी हिंसाचारामुळे. घर जळतं, आजी-आजोबांचा जीव जातो. अर्जीचं ज्याच्यावर प्रेम आहे तो शेहान सिंहली, म्हणजे तिथल्या बहुसंख्य समाजातला. तो मागेच राहतो. इथे स्थलांतर प्रेम देत नाही, हिरावून घेतं. शेवटचं प्रकरण रोजनिशीच्या रूपात आहे. ते घाईने संपवू नका. माझ्या मते सगळी कादंबरी तिथे नव्याने उलगडते.

मराठी वाचकाने इंग्रजीत लिहिणाऱ्या लेस्बियन लेखिका सुनीती नामजोशी वाचायलाच हव्यात, आणि आपल्याकडे त्या इतक्या कमी वाचल्या जातात याचं मला फार वाईट वाटतं. १९४१ साली मुंबईत जन्म, आजोळ फलटणचं राजघराणं, आयएएसची नोकरी सोडून कॅनडा, टोरांटोत अध्यापन, पुढे इंग्लंड. ‘गोजा’ (२०००) या आत्मकथनात त्या आपल्या राणीसाहेब आजीशी बोलतात, तशाच त्यांना सांभाळणाऱ्या गोजा या मोलकरणीशीही. परदेशात वर्णाने आणि लैंगिकतेने परकी ठरलेली ही लेखिका घरी मात्र मालकांच्या बाजूची होती. हा पेच निबंधात आला नाही, तर अर्धं पुस्तक हातचं गेलं.

सिद्धान्त त्यानंतर. गायत्री गोपीनाथ यांचं ‘इम्पॉसिबल डिझायर्स’ (२००५) घ्या. त्यात ‘फनी बॉय’वरही विवेचन आहे. मूळ कादंबरी वाचण्याआधी ते उघडलंत, तर त्यांचीच वाक्यं तुमच्या निबंधात उतरतील.

टिपणं काढताना प्रत्येक पुस्तकापुढे कथानकाचा काळ, प्रकाशनाचं साल आणि दोन्ही देशांतला त्या वेळचा कायदा लिहून ठेवा. कॅनडाने १९६९मध्ये दंडसंहिता बदलून प्रौढांमधले खासगी समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, भारतात असे संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७वरचा निकाल २०१८चा. मार्गदर्शक आणखी पुस्तकं घ्यायला सांगतील. तरी एमएच्या निबंधाला ‘फनी बॉय’ आणि ‘गोजा’ ही दोन मूळ पुस्तकं पुरतात.