खोका उघडल्याशिवाय पैसे देऊ नका

साताऱ्यात राजवाड्याजवळ मी स्पायडरमॅनचा सहा इंची, सांधे वाकणारा बाहुला घेतला, खोका न उघडताच. घरी बघतो तर दोन्ही पाय डावे! बायको अजून हसते.

तेव्हापासून आधी सांधे तपासतो. गुडघा, कोपर, घोटा हळूच वाकवायचा. गडी आधाराशिवाय उभा राहिला पाहिजे. सांधा अडला तर जोर लावू नका, आतली खुंटी मोडते. गरम पाण्यात मिनिटभर धरा, प्लास्टिक मऊ होऊन सुटतं.

मग रंग: छातीवरच्या कोळ्याची कड फाटलेली नको. तळपायाखाली किंवा पाठीवर कंपनीचं नाव बारीक कोरलेलं असतं, नकली मालावर ते बहुधा पुसट किंवा गायब. जुना बाहुला हाताला चिकट लागला तर पीव्हीसी प्लास्टिकमधलं मऊ ठेवणारं रसायन बाहेर येतंय. तो मी फुकटही घेत नाही.