ओटीपोट दुखतंय? पिशवीवर खापर फोडण्याआधी या चुका टाळा

ओपीडीत बाई आत आली की तिच्याआधी तिची फाईल टेबलावर येते. चांगली जाडजूड. सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्त-लघवीचे रिपोर्ट, इंजेक्शनांच्या चिठ्ठ्या. पण नेमकं कुठे दुखतं, कधी दुखतं, कशाने वाढतं, हे विचारल्याची एक ओळ त्यात सापडत नाही. विचारायला वेळ लागतो आणि सोनोग्राफी दहा मिनिटांत होते, म्हणून सगळे सोनोग्राफी करतात.

'सोनोग्राफी नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही'

हे वाक्य मी रोज ऐकते. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढतात: बीजकोशावर, आतड्यावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे 10 टक्के बायकांना हा आजार असतो. बीजकोशातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, सोनोग्राफीत दिसते, पडद्यावरचे बारीक डाग दिसत नाहीत. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आणि बाई पाळीत गडाबडा लोळतेय, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तरी घरी तिला ऐकावं लागतं, 'आम्हाला नाही का पाळी आली?'

मी ठरलेले प्रश्न विचारते. दुखणं पाळीच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतं का? पाळीत संडासला बसल्यावर कळ येते का? संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतं का? सासूबाई खोलीत असतील तर शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच येतं, म्हणून त्यांना मी आधीच बाहेर बसवते. मग घरच्या कालनिर्णयवर दोन महिने खुणा करायला सांगते. दुखलं त्या दिवसावर दहापैकी किती ते लिहायचं, पाळीच्या तारखांना गोल करायचा. मोबाईलचं अ‍ॅप असेल तर तेही चालेल, पण भिंतीवरचं कॅलेंडर नवऱ्यालाही दिसतं.

लक्षणं जुळली तर दर वेळी दुर्बिणीचं ऑपरेशन लागत नाही. मूल लगेच नको असेल तर डायनोजेस्टसारखी हार्मोनची गोळी सुरू करता येते. पहिले काही महिने अधूनमधून डाग लागतात, हे मी दोनदा सांगते. तरीही पंधरा दिवसांत 'मॅडम, गोळी मानवली नाही' म्हणून बंद केलेली असते. आठवडाभरात गुण देणारे काढे रस्त्यावर पुष्कळ मिळतात. निदान तीन महिने तरी थांबायची तयारी नसेल तर माझ्याकडची गोळी उपयोगाची नाही.

'पिशवी काढली की कटकट मिटेल'

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते इथे. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचा विषय 2019 साली गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी झाली, तेव्हा 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. चार दिवस सगळे हळहळले. 'दोन मुलं झाली, आता काय करायचंय पिशवी ठेवून' हा सल्ला मात्र अजून सर्रास दिला जातो.

तिशीतली एक बाई आली होती. पिशवी काढून वर्ष उलटलेलं, दुखणं तसंच. सोबत बहीण होती, ती म्हणाली, 'ताई, आता बीजकोश काढायला सांगतायत.' मी तिला झोपवलं आणि एका बोटाने दाखव म्हटलं. तिने सिझरच्या जुन्या व्रणाच्या डाव्या टोकाशी बोट ठेवलं. तिथे दाब देऊन तिला नुसती मान उचलायला सांगितली. पोटाचे स्नायू ताठ झाले आणि ती ओरडली. दुखणं आतल्या अवयवाचं असतं तर स्नायू ताठल्यावर ते सहसा कमी होतं. वाढलं तर पोटाच्या भिंतीकडे, तिथे अडकलेल्या नसेकडे बघायचं. त्याच जागी बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत ती स्वतः उठून बसली. मग तिने विचारलं, 'मग माझी पिशवी कशाला काढली?'

मान उचलायला लावायला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत.

पिशवी कधीच काढू नये असं माझं म्हणणं नाही. अ‍ॅडेनोमायोसिस आहे, म्हणजे पिशवीचं अस्तर तिच्याच स्नायूत वाढलंय, मुलं झालीत, गोळ्या आणि हार्मोनची तांबी वापरूनही पाळी सोसत नाही, तेव्हा काढावी. पण आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या आणि बीजकोश ठेवणार का हे लेखी विचारा. ते तरुणपणी काढले तर हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

बाकीच्या चुका

लघवीला आग झाली की कल्चर, म्हणजे लघवीत जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी, न करता पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक घेऊ नका. कल्चर दर वेळी स्वच्छ येत असेल तर दुखणं जंतूंचं नसून मूत्राशयाचं असू शकतं.

ओटीपोटातल्या संसर्गाचा 14 दिवसांचा कोर्स पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही. नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. तो येत नाही, ही दर वेळची रड.

दुखणं रेंगाळतंय आणि मूलही राहत नाही, तर आपल्याकडे जननमार्गाच्या क्षयाचा विचार व्हायलाच हवा. खोकला नसला तरी.

व्हिडिओ बघून कीगल व्यायाम, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम, सुरू करू नका. हे स्नायू आधीच आखडलेले असतील तर ते आणखी आवळून दुखणं वाढतं. तिथे सैल सोडायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट लागते.

पोट अचानक दुखून उलट्या सुरू झाल्या तर बीजकोशाला पीळ पडलेला असू शकतो. पाळी चुकली, पोटात कळ, चक्कर, खांद्यात दुखणं, असं असेल तर गर्भ नळीत असू शकतो. दोन्हीत सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. आणि 'माझं मुलं न होण्याचं ऑपरेशन झालंय' म्हणून लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट टाळू नका. टाक्याच्या ऑपरेशननंतरही क्वचित दिवस राहतात, आणि राहिले तर गर्भ नळीत असण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते.